हाडांचें पाठांतर

मानवी शरीरांत २०६ हाडें असतात, हें जळगांव-धुळ्याकडील शाळकरी मुलगा न अडखळतां सांगतो. परंतु हात कोपरांत वाकवितांना कोणता स्नायू आंखडतो, असें विचारतांच तो भिंतीवरील तक्त्याकडे पाहूं लागतो. आमचेंही शिक्षण असेंच तक्त्यावर झालें. स्नायू केवळ ओढतो, ढकलीत नाहीं. म्हणूनच वाकलेला हात सरळ करण्यास दंडाच्या मागें दुसरा स्नायू लागतो, ही गोष्ट आम्हांस पटली ती जोर काढल्यावर दुसऱ्या दिवशीं दंडाची मागली बाजू ठणकली तेव्हां!

याविषयीं आमच्या खानदेशाशीं निगडित असें एक थोर उदाहरण आहे. अमळनेरास खानदेश एज्युकेशन सोसायटींत अध्यापन करणारे जगन्नाथ गणेश गुणे हे बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखालीं व्यायाम शिकलेले. पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व उड्डियान, नौलि या क्रिया क्ष-किरणांच्या साहाय्यानें अभ्यासिल्या. श्वास पूर्ण सोडून, हवा आंत न घेतां बरगड्या फुलविल्या कीं श्वासपटल वर चढतें व पोट आंत ओढलें जातें, हेंच उड्डियान. जाणत्याच्या देखरेखीखालीं, रिकाम्या पोटीं ज्यानें हें करून पाहिलें, त्यास श्वासपटलाची व्याख्या घोकावी लागत नाहीं.

व्यायाम पटांगणांत आणि शरीरशास्त्र वर्गांत, ही फारकत मोडण्यास खर्च लागत नाहीं. शिक्षकानें तक्ता गुंडाळून ‘उभे रहा, हात वाकवा, दंड चांचपा’ एवढें म्हटलें तरी पुरे. मूल आपलें शरीर ओळखूं लागलें, म्हणजे तें जपूंही लागेल, असा आमचा विश्वास आहे.