आखाजीची घागर

अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशांत ‘आखाजी’ म्हणतात. इतरत्र हा सण साडेतीन मुहूर्तांपैकीं एक म्हणून ठाऊक असतो. आमच्याकडे तो पितरांचा आणि माहेरवाशिणींचा. नव्या घागरींत पाणी भरावयाचें, तिच्यावर आंबा, खरबूज व सांजोरी ठेवावयाची आणि गेलेल्यांच्या नांवानें ती पुजावयाची. शेतावरील सालदाराचें सालहि याच दिवशीं संपून नवें सुरू होई. तीर्थरूप नाना गेल्यापासून दर आखाजीला मी त्यांच्या नांवाची घागर भरतों, आणि दर वर्षीं पाणी ओततांना माझा हात क्षणभर थबकतो. त्याचें कारण मीं घरांत आजवर कोणास सांगितलेलें नाहीं.

आमचें गांव पारोळा. हरि सदाशिव दामोदर यांनीं १७२७ सालीं बांधलेला भुईकोट किल्ला व बालाजीचें देऊळ यांमुळें बाहेरच्या लोकांस तें माहीत असतें. आमचें शेत गांवापासून दोन कोसांवर, बोरी नदीच्या बाजूस होतें. जमीन काळी, पावसाळ्यांत गाडीचें चाक आंसापर्यंत रुते. खरिपांत कपाशी, बाजरी, भुईमूग. रब्बींत दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. दादरच्या हुरड्यापुढें मला अद्याप कोणतेंहि पक्वान्न रुचलेलें नाहीं. हें पंगतींत बोलूं नये, म्हणून येथें लिहितों.

नाना स्वतः औत धरीत. ब्राह्मणाच्या हातीं औत हें आळींतील कित्येकांस रुचत नसे. परंतु स्नानसंध्या आटोपून नाना पहाटेच मोटेवर उभे राहत. बैल धावेवरून उतरूं लागले व नाडा ताणला कीं ते मला एक विभक्ति विचारीत. मोट थारोळ्यांत रिती होऊन बैल पुन्हां वर येईपर्यंत तिन्ही वचनें झालीं पाहिजेत, असा नियम होता. संबोधन धरून एक शब्द चालवावयास आठ मोटा लागत. पुढें तीस-बत्तीस वर्षें मीं मुलांस संस्कृत शिकविलें. पण वर्गांत ‘रामेभ्यः’ ऐकूं आलें कीं माझ्या कानांत थारोळ्यांत पडणारें पाणीच वाजे.

शेताचा निम्मा भाग, त्यांतील दुसऱ्या विहिरीसकट, एका कुळाकडे होता. त्या गृहस्थांस आम्ही मुलें ‘आबा’ म्हणत असूं. १९४८ च्या कुळकायद्यांत पुढें दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारीं कुळें जमिनीचीं मालक ठरलीं. किंमत हप्त्यांनीं फेडावयाची. तथापि मालकास स्वतः कसण्यासाठीं जमीन हवी असेल, तर ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळास नोटीस देऊन निम्मी जमीन तरी परत मिळविण्याची सोय होती. काकांनीं नोटिशीचा कागद तयार करून आणला. घरचे कर्ते या नात्यानें सही नानांची हवी होती. नाना म्हणाले, “माझ्या हातून जेवढी कसवते तेवढी माझ्याकडे आहेच. याहून अधिक कसतों म्हणून लिहिलें, तर तें खोटें होईल.” कागद तसाच राहिला आणि मुदत टळली.

यानंतर तीन वर्षें काका नानांशीं बोलले नाहींत. पंगत एकच, पण ताक हवें असलें तरी तें आईच्या मार्फत मागावयाचें! आईकडूनच हें मला पुढें कळलें. काकांचा राग अगदींच अनाठायीं होता, असें मी म्हणणार नाहीं. त्यांना तीन मुली उजवावयाच्या होत्या, आणि त्या हप्त्यांत एकीचेंहि लग्न झालें नसतें. मी मात्र ‘आपली विहीर, आपली विहीर’ हे घरांतले उद्गार ऐकतच वाढलों.

१९७२ सालीं पावसानें दगा दिला. स्वस्त धान्याच्या दुकानांत अमेरिकेची तांबडी मिलो आली, आणि चांगलीं खातींपितीं माणसें खडी फोडावयास जाऊं लागलीं. आमची विहीर माघांतच आटली. आबांच्या विहिरींत कमरेएवढें पाणी होतें. मी तेरा वर्षांचा. एके दुपारीं घागर घेऊन गेलों, तेव्हां आबा बैलांना पाणी पाजीत होते. “जरा थांब, भाऊ,” ते म्हणाले. मी म्हणालों, “विहीर आमची आहे. तुम्हीं ती कायद्यानें घेतलीत.”

आबा कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं बैल बाजूस बांधले आणि माझी घागर स्वतः भरून दिली.

रात्रीं जेवतांना मीं हें फुशारकीनें सांगितलें. काका हंसले. नानांनीं पानांतलें सगळें संपविलें आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवशीं पहाटे मला घेऊन ते त्या विहिरीवर गेले. वहाणा दूर काढून, टोपी हातांत घेऊन म्हणाले, “आबा, विहीर तुमची. आमची आटली आहे. दोन घागरी पाणी मिळेल का?” आबांना मेल्याहून मेल्यासारखें झालें. “नाना, हें काय बोलतां!” असें ते पुनःपुन्हां म्हणत होते; पण ते “न्या” असें म्हणेपर्यंत नानांनीं दोर विहिरींत सोडला नाहीं. तो उन्हाळा संपेपर्यंत नानांनीं रोज विचारलें आणि आबांनीं रोज “न्या” म्हटलें. मला नाना त्या दिवशीं अथवा पुढें कधींहि एका शब्दानें रागावले नाहींत.

आबांची क्षमा मागावयाची माझ्याकडून राहून गेली. सुटींत गांवीं आलों कीं ते भेटत, माझ्या शाळेचें विचारीत, आणि मी पाऊसपाण्याचें बोलून निघत असें. ते वारले तेव्हां मी नोकरीच्या गांवीं होतों. नाना गेले त्या वेळीं मात्र आबांचा मुलगा खांदा द्यावयास आला होता.

आमचा तुकडा आतां काकांच्या नातवांकडे आहे. मोट जाऊन विजेचा पंप आला. गेल्या आखाजीला घरच्या नळाचें पाणी न घेतां मी घागर घेऊन आबांच्या विहिरीवर गेलों. त्यांचा नातू तेथें होता. मीं विचारलें, “पाणी घेऊं का?”

“गुरुजी, त्यांत विचारायचें काय!” तो हंसून म्हणाला.

मी घागर घेऊन तसाच उभा राहिलों. तेव्हां तो जरासा गोंधळला आणि म्हणाला, “न्या.”