विकलेल्या स्कूटरची चलनं

जी स्कूटर मी विकून टाकली होती, तिच्या दंडासाठी मला न्यायालयात उभं राहावं लागलं. हे ऐकलं की ओळखीचे लोक लगेच पोलिसांना नावं ठेवू लागतात. मला तसं करता येत नाही. कॅमेऱ्याने नंबर बरोबर टिपला होता आणि नोंदीत ज्याचं नाव होतं त्याच्याच नावावर चलन निघालं होतं. चुकले मी, आणि तेही एकदा नव्हे, टप्प्याटप्प्याने. त्या चुका इथे सविस्तर लिहिते आहे, कारण त्या टाळायला वकिली येण्याची गरज नव्हती. कागद वेळेवर वाचला असता आणि जिथे बोलायचं तिथे जाऊन बोलले असते, तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेलंच नसतं.

सुरुवात विक्रीपासून झाली. मुलगी नोकरीला लागली, तिने नवी गाडी घेतली आणि जुनी स्कूटर अंगणात धूळ खात पडली. कॉलनीतल्या गॅरेजवाल्याने गिऱ्हाईक आणलं, शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा. पैसे माझ्या खात्यात जमा झाले. मी आरसी दिली, दोन्ही किल्ल्या दिल्या, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या. तारखेच्या जागा कोऱ्याच ठेवल्या. "बाई, नावावर करायचं मी बघतो," असं गॅरेजवाला म्हणाला आणि माझ्या लेखी व्यवहार संपला.

कायद्याच्या लेखी तो सुरूही झाला नव्हता. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. म्हणजे कळवणं हे माझंही काम होतं. सह्या केलेले फॉर्म कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून राहिले, तर गाडी माझीच राहते. कारण मालक म्हणजे ज्याच्या नावाची नोंद आहे तो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलं. तिथे गाडी एकामागून एक अनेकांच्या हातात गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या मुलाच्या हातून कुणी दगावलं असतं, तर? चलन ही त्या मानाने किरकोळ गोष्ट.

पुढे मोबाइलवर ई-चलनाचे मेसेज येऊ लागले. चलनाच्या नावाखाली खोट्या लिंक पाठवून लोकांची खाती रिकामी करतात, हे मी पेपरात वाचलं होतं, म्हणून मी एकही लिंक उघडली नाही. इथवर ठीक होतं. पण मेसेज खरा की खोटा हे तपासायची सोपी वाट होती, तिकडे मी वळलेच नाही. महाट्रॅफिक अॅप स्वतःहून उघडायचं किंवा वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर जाऊन गाडीचा नंबर टाकायचा. प्रलंबित चलन असेल तर फोटोसकट दिसतं. मी मेसेज पुसत राहिले.

शेवटी मुलीने नंबर टाकून पाहिला. पडद्यावर आमचीच स्कूटर होती. पुढच्या मडगार्डवर तिने कॉलेजात असताना चिकटवलेलं सूर्यफुलाचं स्टिकर तसंच होतं, अर्धं निघालेलं. वर पंचविशीतला एक तरुण, डोक्यावर हेल्मेट नाही. खाली तारीख, वेळ आणि मी कधी दुचाकीवरून गेले नव्हते अशा एका चौकाचं नाव. अशी एकाखाली एक चलनं होती. एकात नो पार्किंगमध्ये लावलेली गाडी होती.

मी घाबरले आणि घाबरून त्यातली काही तिथल्या तिथे भरून टाकली. ही माझी सर्वांत महागडी चूक. आपण ज्याला पावती फाडणं म्हणतो, ती कलम 200 खालची तडजोड असते. रक्कम भरली की गुन्हा मिटतो आणि पुढची कारवाई थांबते. चूक आपली असेल तर याहून सोयीचं काही नाही. पण आपली नसेल, तर बोलायची संधीही तिथेच जाते. माझा भाचा वकिली करतो. तो म्हणाला, "मावशी, भरलेल्या चलनावर आता काय भांडणार? जी राहिली आहेत त्यांचं बघू."

राहिलेल्यांसाठी मी ऑनलाइन तक्रार केली होती, तीही फेटाळली गेली होती. भाच्याने ती वाचायला मागितली. मी त्यात माझी इतक्या वर्षांची शिक्षकी, माझा प्रामाणिकपणा, मनस्ताप असं सगळं लिहिलं होतं. विक्रीची तारीख लिहिली नव्हती. घेणाऱ्याचं नाव नव्हतं, पैसे जमा झाल्याची नोंद जोडलेली नव्हती. तपासणाऱ्या माणसाला माझ्या बाजूने निर्णय द्यायचा असता, तरी द्यायला हाताशी काहीच नव्हतं. गाडी कोण चालवत होतं याची माहिती पोलिसांनी मागितल्यावर देणं हे कलम 133 प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. ती माहिती मी तेव्हाच आपणहून लेखी दिली असती, तर बरंच काही तिथेच मिटलं असतं.

मग लोकअदालतीची नोटीस आली. मला वाटलं, आता न्यायाधीशांपुढे बाजू मांडता येईल. मी फाइल घेऊन रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर पॅनेलवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तडजोड करायची आहे का?" मी माझी हकीकत सांगू लागले. त्यांनी थांबवून समजावलं की लोकअदालत दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण मिटवते. कोण खरं, कोण खोटं हे तिथे पुराव्यावरून ठरत नाही. झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. तडजोड नको असेल, तर प्रकरण नेहमीच्या मार्गाने जातं. नोटिशीत ‘तडजोड’ हा शब्द होता, तो मी वाचलाही होता. पण त्याचा अर्थ विचारायला कुणाकडे गेले नव्हते.

त्या फाइलमध्ये मी आणखी एक गोष्ट घुसवली होती. माझ्या स्वतःच्या कारचंही एक चलन होतं, पुढची चाकं झेब्रा क्रॉसिंगवर. रागाच्या भरात मी तेही अन्याय म्हणून जोडलं होतं. भाच्याने फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. चाकांच्या पुढून एक आजोबा काठी टेकत, पट्टे सोडून, वाहत्या रस्त्याच्या कडेने चालले होते. त्यांची वाट मी अडवली होती. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पाचशे रुपये मी त्याच दिवशी भरले. खऱ्या चुकीला खोट्याच्या रांगेत बसवलं की आपल्या खऱ्या तक्रारीचंही वजन जातं, हे मला तेव्हा पटलं.

पुढे समन्स आलं. अशा खटल्यांत आरोपीला स्वतः हजर राहता येतं किंवा वकील पाठवता येतो; गुन्हा कबूल असेल तर समन्समध्ये नमूद केलेला दंड पाठवून प्रकरण संपवण्याचीही सोय कायद्यात आहे. मी समन्सवर आधी रक्कमच पाहिली होती. भाच्याने बाकीच्या ओळी वाचून दाखवल्या आणि कागद जुळवले: बँकेच्या पासबुकातली नोंद, विक्रीचा कागद, त्या मुलाच्या लायसन्सची प्रत. मुलाशी झालेलं फोनवरचं संभाषणही होतं. पण ते पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. नुसता फोन पुढे करून भागत नाही.

पुकारा झाला. मी उभी राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून स्कूटरची कथा सांगू लागले. न्यायदंडाधिकारी म्हणाले, "बाई, आधी एवढंच सांगा, गुन्हा कबूल आहे की नाही?" माझ्या आधीच्या दोघांनी पटकन "हो" म्हणून दंड भरला होता आणि ते गेलेही होते. माझ्याही ओठांवर "हो" आलं होतं, घरी जायची घाई होती. मी म्हणाले, "कबूल नाही." तारीख पडली. नंतरच्या तारखांना कागद दाखल झाले. हेल्मेट घालण्याची सक्ती गाडीवर बसणाऱ्यावर आहे आणि फोटोतली व्यक्ती मी नव्हे, हे सरकारी वकिलांनाही नाकारता आलं नाही. विनाहेल्मेटच्या आरोपातून मी सुटले. गाडी अजून माझ्याच नावावर का आहे, या न्यायालयाच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या काळात पुष्कळांनी मला सल्ला दिला, "सहा महिने थांबा, चलन आपोआप रद्द होतं." हा सल्ला घातक आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत आहे हे खरं. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती होती, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण न्यायालय योग्य कारण असल्यास विलंब माफ करू शकतं. मुदतीचा मुद्दाही न्यायालयापुढेच मांडावा लागतो. तोवर चलन गाडीच्या नावावर दिसत राहतं आणि आरटीओतल्या कामात आडवं येतं.

तो मुलगा नंतर भेटला, स्वतः आरटीओत आला, नो पार्किंगचा दंड त्याने भरला आणि स्कूटर त्याच्या नावावर झाली. त्याचा स्वभाव वाईट नव्हता. नावावर करून घ्यायला कुणी मागे लागलं नाही, म्हणून त्याचंही राहून गेलं होतं. मागे लागणं माझं काम होतं.

तुम्ही कधी गाडी विकली असेल, तर तिचा नंबर आजच तपासा. नोंदीत अजून तुमचं नाव असेल, तर विक्रीचा कागद घेऊन आरटीओत जा. चलन आलं तर फोटो, तारीख आणि जागा नीट बघा. चूक आपली असेल तर भरून मोकळे व्हा. नसेल तर पैसे भरण्याआधी पुराव्यासकट लेखी तक्रार करा, आणि तिथे ऐकलं गेलं नाही तर न्यायालयात "कबूल नाही" म्हणायला कचरू नका. कायद्याने आपल्याला बोलायला जागा दिली आहे. पहिल्या मेसेजपासून ती मलाही मिळत होती. मी तिथे वेळेवर पोहोचले नाही, एवढंच.