नाशिकला उतरायचं कुठे?

वाल्मीकींच्या अरण्यकांडात पंचवटीत पोचल्यावर रामापुढे पहिला प्रश्न येतो तो राहायच्या जागेचा. परिसर अगस्त्यांनी सुचवलेला असतो, नेमकी जागा मात्र ठरायची असते. राम लक्ष्मणाला म्हणतो, तूच बघ. सीतेला, तुला, मला, तिघांनाही बरं वाटेल, पाणी जवळ असेल, समिधा, फुलं, दर्भ मिळतील अशी जागा शोध. लक्ष्मण म्हणतो, जागा तू दाखव, मी बांधतो. मग राम फुललेल्या झाडांमधली एक सपाट जागा दाखवतो, आणि तिथून दिसणाऱ्या गोदावरीविषयी सांगतो की ती फार लांब नाही आणि अगदी लागूनही नाही. लक्ष्मण तिथे मातीच्या भिंती उभारतो, लांब वेळूंचे खांब रोवतो, शमीच्या फांद्या अंथरून घट्ट बांधतो, वर कुश, काश आणि पानं शाकारतो. माझं मन अडकतं ते अंतराच्या त्या वाक्यात. ज्याला सगळा नदीकाठ मोकळा होता, कुणाला भाडं द्यायचं नव्हतं, तो माणूस काठावर बसला नाही. थोडा मागे सरला. आज त्याच पंचवटीत खोली शोधणाऱ्या प्रत्येकाला रामकुंड या स्नानाच्या जागेपासून किती मिनिटं, एवढाच एक आकडा दाखवला जातो आणि तो जितका लहान तितकं भाडं मोठं.

मला वाटतं, गर्दीच्या आणि महाग शहरात हा आकडा निवडीचा आधार म्हणून फसवा आहे, आणि नाशिक त्याचा चांगला पुरावा आहे. आधी नदीचंच बघू. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पावसाळ्यात पूर पाहायला गंगेवर जातो. पुराचं माप इथे मीटरमध्ये नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरच्या टपऱ्या आधी उचलतात, मग भांडीबाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. 2 ऑगस्ट 2016 ला असाच मोठा पूर आला होता, 2019 मध्ये 4 ऑगस्टला पुन्हा. आणि येत्या सिंहस्थ कुंभमेळ्याची पहिली पर्वणी, म्हणजे मुख्य स्नानाचा पहिला दिवस, आहे 2 ऑगस्ट 2027 ला. दर वर्षी पूर येईल असं कुणी म्हणत नाही, पण सिंहस्थाच्या मोठ्या पर्वण्या आषाढ ते भाद्रपदात, म्हणजे भर पावसातच येतात. अशा दिवसांत नदीला लागून असलेली खोली ही सोय असते तितकीच जोखीमही असते.

दुसरा पुरावा गर्दीचा. जवळच्या खोलीचं भाडं ज्या दिवशी सर्वांत चढतं, नेमक्या त्याच दिवशी तिचं जवळ असणं कामाला येत नाही. पर्वणीच्या पहाटे रामकुंडावर आधी आखाड्यांचं स्नान, सामान्य भाविकांची पाळी त्यानंतर. 2015 च्या सिंहस्थात येणाऱ्या गाड्या प्रत्येक महामार्गावर शहराबाहेरच थांबवल्या होत्या. तिथून एसटी, पुढे पायपीट, आणि ज्या रस्त्याने आलात त्या बाजूचा घाट. 29 ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला की अंदाजाच्या मानाने फारच थोडे भाविक पाण्यापर्यंत पोचले, आणि 13 सप्टेंबरसाठी तो सैल करावा लागला. बॅरिकेडच्या आतल्या लॉजमध्ये सामान घेऊन पोचणंच मुश्कील, आणि एकदा पोचलं की बाहेर निघणं त्याहून मुश्कील. कडक बंदोबस्तामागे कारणही होतं. त्याआधीच्या सिंहस्थात, 27 ऑगस्ट 2003 ला, काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक माणसं गेली. जुनं नाशिक उतारांचं आणि बोळांचं गाव आहे. तिथे पाच मिनिटांचं अंतर हे रोजच्या दिवसाचं अंतर असतं. पर्वणीला त्याचे तास होतात.

उतरायची जागा आपण निवडायची, ही गोष्टच तशी नवी आहे. पिढ्यान्‌पिढ्या नाशिकला येणारा यात्रेकरू सरळ आपल्या तीर्थोपाध्यायाच्या वाड्यावर जात असे. कुठल्या गावचे, आडनाव काय, एवढं सांगितलं की कुळाचा उपाध्याय ठरलेला. त्याच्याकडे नामावळीच्या वह्या. त्यांत गावाखाली घराणं, घराण्याखाली कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कशासाठी आलं, आणि शेवटी येणाऱ्याची सही. लिहिता न येणाऱ्याचं नाव दुसऱ्याने घातलेलं. नातू आला की त्याच्यासमोर आजोबांचं अक्षर उघडायचं आणि त्याने त्याखाली आपलं नाव लिहायचं. ओसरीवर पथारी, घरातलं जेवण, श्राद्धाची तयारी, निघताना दक्षिणा. खोली, दर, तारा काही नाही, कारण राहणं हा नात्याचा भाग होता. या पद्धतीत ऊब होती हे मी मनापासून मान्य करतो. पण ती ज्यांचं नाव वहीत बसत होतं त्यांच्यासाठी होती. ज्यांना अस्पृश्य म्हणून मंदिरात शिरता येत नव्हतं त्यांना वाड्याची ओसरी कुठून मिळणार? 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे चालवला, आणि पाच वर्षं होऊनही दार उघडलं नाही. शिकलेल्या माणसाला दर्शन नाकारणाऱ्या गावात गरीब यात्रेकरूला मुक्काम नाकारला जाणं हे रोजचंच होतं. गाडगेबाबांनी ही गोष्ट अचूक ओळखली. त्यांनी स्वतः मंदिर बांधलं नाही. नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा तीर्थांत धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. देवाच्या गावात माणसाला रात्री पाठ टेकायला जागा मिळणं याची किंमत दर्शनाइतकीच आहे, हे ज्याला कळलं त्याला तीर्थ कळलं, असं मला वाटतं. नाशिकला गोदेवरच्या एका पुलाला गाडगेबाबांचं नाव आहे; त्याखालून जाणाऱ्या किती जणांना ते का दिलं हे ठाऊक असेल, कुणास ठाऊक. म्हणून आज कुणीही पैसे भरून खोली घेऊ शकतो, ही गोष्ट मी लहान मानत नाही. ती निवड इतक्या कष्टाने मिळाली असताना ती मिनिटांच्या एका आकड्याला विकून टाकायची, याचं वाईट वाटतं.

माझं मत असं, की ज्या रस्त्याने आलात आणि ज्याने परत जाणार आहात त्या बाजूला, रोजचं शहर चालू असतं अशा भागात उतरावं. मुंबईहून गाडीने येणाऱ्याला मुंबई नाका किंवा इंदिरानगर, रेल्वेने येणाऱ्याला नाशिकरोड, त्र्यंबककडे जायचं असेल तर सातपूरची बाजू. यावर कुणी म्हणेल, आम्ही पहाटेच्या घाटासाठीच येतो. साध्या दिवसांसाठी हे मला पूर्ण पटतं. मार्गशीर्षातल्या एखाद्या मंगळवारी पंचवटीतच राहावं. तेव्हा भाडंही माफक असतं. वृद्धांचं काय, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पर्वणीच्या आदल्या दिवशी सामानासकट बॅरिकेडमधून चालवत आत नेणं यात त्याची कुठली सोय? त्याला दसकच्या किंवा नांदूरच्या रुंद घाटावर न्यावं, पाणी त्याच गोदावरीचं आहे. लांब राहिलं की वाचलेले पैसे रिक्षात जातात, हेही खरं. मात्र 2021 पासून महापालिकेची सिटीलिंक बस आहे आणि साध्या दिवशी तिच्याने भागतं.

त्र्यंबकेश्वरला हा हिशेब लागू होत नाही. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं ते गाव एवढंसं आहे की तिथे मधलं अंतरच नाही, आणि नारायण नागबळीसारखा तीन दिवसांचा विधी असेल तर गुरुजी सांगतील तिथेच राहावं. तिथे जुनी रीत अजून जिवंत आहे. उलट टोक देवळालीचं. मुंबईच्या पारशी आणि गुजराती समाजांनी तिथे हवापालटासाठी सॅनिटोरियम बांधली, लोक महिना महिना येऊन राहत, आणि रामकुंड किती लांब हे कुणी विचारत नसे.

2027 ची ती पहिली पर्वणी सोमवारी आहे, सोमवती अमावास्येला. म्हणजे द्राक्षमळे आणि वाइनरीसाठी शनिवार-रविवारी येणारी मुंबई-पुण्याची माणसं आणि स्नानासाठी येणारे भाविक एकाच वेळी खोल्या शोधतील. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, शुक्रवारी रेल्वेने या, नाशिकरोडला उतरा, सोमवारी दसकच्या घाटावर स्नान करा, आणि काळारामाचं दर्शन बुधवारी घ्या, तेव्हा गर्दी ओसरलेली असेल आणि गंगेवर आठवड्याचा बाजारही भरलेला असेल.