गाडीनं पाणी पिलं तेव्हा

कम्प्रेशन रेशो लिहून मार्क मिळवणारे आपण सगळेच. पेट्रोल इंजिनचा साधारण 10, डिझेलचा 16 ते 20. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. पुस्तकात हे कुठंतरी कोपऱ्यात असतं. उमरीत मात्र मला ते घरातल्या मोठ्या माणसांशी भांडून सांगावं लागलं!

2025 चा पावसाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. सप्टेंबरमध्ये नांदेड, लातूर, धाराशिव, सगळीकडंच सोयाबीन पाण्यात. बाभळीचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवायचा सुप्रीम कोर्टाचा निकाल 2013 चा आहे. पण गोदावरीच तुडुंब असली की ओढ्यांचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. तसंच ते आमच्या गल्लीत आलं आणि दारातली गाडी सीटपर्यंत बुडाली.

लोकांची शेतं गेली, त्यांच्यापुढं गाडीचं रडगाणं काय गायचं, असं आई म्हणाली. खरं आहे. पण ती सेकंडहँड गाडी हौसेची नव्हती. आबांचं आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस असतं, त्यासाठी कर्ज काढून घेतलेली. पाणी ओसरलं, आणि आबांची तारीख दुसऱ्याच दिवशी!

पप्पा किल्ली घेऊन निघाले. शेजारचे काका म्हणाले, "एक सेल्फ मारून तर बघा की!" मी आडवी गेले. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिनच गेलं. पप्पा चिडले. "हॉस्टेलात राहून लई शहाणी झालीस. आबाला उद्या पाठीवर नेतीस का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. डायलिसिस चुकलं की रक्तात पोटॅशियम वाढतं, अंगात पाणी साचतं, हे घरात सगळ्यांना माहीत.

आबाच बाजेवरून बोलले, "माझ्यावानीच तिच्या अंगात पाणी भरलंय. आधी ते काढा, मग चालवा. मी रेल्वेनं जातो."

किल्ली खिशात गेली. मी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. दुसऱ्या दिवशी पप्पांनी आबांना धरून डब्यात चढवलं. आमचं स्टेशन मनमाड-सिकंदराबाद लाईनवर आहे, हे नशीबच.

मिस्त्री दोन दिवसांनी आले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा ते मुंबईत एका गॅरेजवर पोऱ्या होते. त्यांच्या भाषेत हायड्रोस्टॅटिक लॉक वगैरे काही नाही, "गाडी पाणी पिली" एवढंच. त्यांनी प्लग काढले, पाना लावून क्रँक हातानं फिरवला. दोन सिलेंडरमधून पिचकारी उडाली! डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं. ऑइल दोनदा बदललं, गिअरबॉक्सचंही. कार्पेट वाळायला ऊन लागतं, आणि ऊन कुठं होतं?

मग विम्याचे सर्व्हेअर. पहिला प्रश्न, "स्टार्ट मारली होती का?" साध्या पॉलिसीत, पाण्यात बुडालेली गाडी चालू करून इंजिन गेलं तर सहसा पैसे मिळत नाहीत. त्याला इंजिनचं वेगळं कव्हर लागतं, आमचं नव्हतं. प्लास्टिक, रबर, बॅटरीवर 50 टक्के घसारा कापतात, तो कापलाच. ती बारीक अक्षरातली इंग्रजी पॉलिसी मी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा पप्पा म्हणाले, "कॉन्व्हेंटची फी वसूल झाली." माफी वगैरे आमच्या घरात मागत नाहीत, हीच समजायची.

गाडी तीन आठवडे गॅरेजला होती. आबांच्या सहा फेऱ्या रेल्वेनं झाल्या. वरचे पैसे मामानं दिले, ते अजून फिटायचेत. इंजिन मस्त आहे. वास मात्र जाता जात नाही, म्हणून आबा थंडीतही काच खाली करून बसतात.