मागितलेली भाकर, थापलेली भाकर

आमच्या वस्तीतला पुरुष हंडाभर मटण करतो. पण घरात चार भाकऱ्या थापत नाही. असं का, एवढंच इथं बोलायचं आहे. विषय बारका वाटेल. बायकांचा विषय म्हणून कुणी पान उलटेलही. उलटणाऱ्यानं आधी एवढं सांगावं, आज सकाळी तो जे खाऊन घराबाहेर पडला ते कुणी केलं?

आधी मटणाचं बघू. हळद असो, जावळ असो, आखाड असो, तीन दगडांवर हंडा चढतो आणि त्याच्यापुढं बाप्या उभा राहतो. लुंगी खोचलेली, हातात मोठा पळा, तोंडात गाय छाप. चार जण त्याच्या भोवती. 'अण्णाच्या हातचं मटण म्हंजे काय इचारू नका!' पंचक्रोशीत नाव होतं. पण आदल्या दिवशी कांदा कुणी चिरला? खोबरं कुणी भाजलं? पाट्यावर वाटण वाटून कुणाचे खांदे भरून आले? आणि दुसऱ्या दिवशी तो काळा झालेला हंडा राख घेऊन कोण घासत बसलं? त्यांचं नाव पंचक्रोशीत होत नाही. मटण वर्षातून चारदा. भाकर दिवसातून दोनदा. जे चारदा होतं त्याला कला म्हणायचं आणि जे रोज होतं त्याला बाईचा धर्म म्हणायचं, अशी ही वाटणी आहे.

आता भाकरीचं. माझा आजा येसकर होता. पाळी आली की घुंगुरकाठी घेऊन, खांद्यावर घोंगडं टाकून गावात जायचा. दारोदार उभा राहायचा. उंबऱ्याला शिवायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. वरून पडेल ती भाकर घोंगड्यात झेलायची. ताजी, शिळी, कडक, बुरशी धरलेली, चतकोर, नितकोर. आजी सांगायची, घोंगडं झटकलं की चुलीपुढं ढीग पडायचा. त्यातली मऊ ती पोरांना द्यायची. कडक असायची तिचे तुकडे उन्हात वाळवून ठेवायची आणि पावसाळ्यात मिठाच्या पाण्यात शिजवायची.

ह्या माणसाला भाकर मागताना लाज वाटू नये, अशी तजवीज गावानं करून ठेवली होती. हा तुझा हक्क आहे, हे तुझं वतन आहे, असं त्याच्या डोक्यात भरवलं होतं. आणि ह्याच माणसाला स्वतःच्या घरात भाकर थापायची मात्र लाज! आजी तापानं फणफणलेली असली तरी आजा चुलीपुढं बसायचा नाही. शेजारणीकडून दोन भाकऱ्या मागून आणायचा. गावात मागायचा, वस्तीतही मागायचा.

महाडला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका. आमच्या गावात ते पुरतं पोचायला १९५६ उजाडलं. धम्म घेतला आणि आज्यानं घुंगुरकाठी टाकली. पुढं १९५८ च्या कायद्यानं वतनही गेलं. आमच्या इतिहासात ह्याच्याइतकी मोठी गोष्ट दुसरी नाही. पण तिचा हिशोब अर्धाच लिहिला गेला. घोंगड्यात येणारी भाकर बंद झाली, तेव्हा तेवढी भाकर घरात थापावी लागली. ती कुणी थापली? आजीनं. आधी ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायची. आता पहाटे जात्यावर जास्तीची पायली बसायला लागली. ठराव सभेत झाला, त्याचं ओझं जात्यावर आलं. आजीनं ते हसत उचललं. 'तुकड्यापरीस कष्ट ग्वाड,' म्हणायची. पण त्या ओझ्याला कुणी हात लावला नाही, हेही खरं.

आज्याला नुसता दोष देऊन भागत नाही. गावातलं शेंबडं पोरगं त्याला अरेतुरे करायचं. पाटलाच्या वाड्यापुढं तो वाकून उभा राहायचा. दिवसभर त्याला कुणी माणूस म्हणून मोजत नव्हतं. घरात पाऊल टाकलं की मात्र तो धनी. ताट पुढं आलं पाहिजे, पाण्याचा तांब्या हातात मिळाला पाहिजे. बाहेर जे हिरावून घेतलं होतं ते तो चुलीपुढच्या बाईकडून वसूल करत होता. आपल्यातल्या पुष्कळांची मर्दानगी ही अशी आहे. ती वरच्यांकडूनच उसनी आणलेली आहे. त्यांच्या घरातही पुरुष ताटावर बसतो आणि बाई वाढते. आपण त्यांचा धर्म सोडला, ताट मात्र तसंच मांडून बसलो.

मी स्वयंपाक शिकलो तो समतेसाठी नव्हे. जातीनं शिकवला. शिकायला शहरात आलो. एका खाणावळीत महिन्याचे पैसे भरायला गेलो. मालकानं आडनाव विचारलं. त्यानं भागलं नाही म्हणून गाव विचारलं. मग गावात राहायला कुठं, तेही विचारलं. शेवटी म्हणाला, जागा भरल्यात. दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गातला एक जण तिथं जेवायला लागला. त्याला नुसतं आडनाव पुरलं होतं.

आम्ही तिघं एका खोलीत राहत होतो. वर्गणी काढून वातीचा स्टोव्ह घेतला, एक तवा, एक परात. तिघांतला एक मराठवाड्यातला होता. लहानपणी आई गेलेली, धाकट्या भावंडांना त्यानंच करून घातलेलं. तो आमचा गुरू. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याला विरी राहत नाही, मग उकळतं पाणी घालून मळावं लागतं, हे त्यानं शिकवलं. तळहाताच्या बुडानं दाबून दाबून मळायचं. खाली कोरडं पीठ पसरून थापायचं. बोटांनी कड वाढवत न्यायची, मध्ये जोर द्यायचा नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकण्याच्या आत उलटायची. उशीर झाला की भेगा पडतात. मग जाळावर धरायची. पापुद्रा सुटून भाकर टम्म फुगली की आम्ही तिघं पोरासारखे ओरडायचो. ज्या तव्यापुढं आपल्याला आडनाव कुणी विचारत नाही त्या तव्याची भाकर कशी लागते, ते खाणावळीतल्यांना कळणार नाही.

पण पुढं काय झालं बघा. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली आणि दोघांचे स्टोव्ह माळ्यावर गेले. हात तेच, पीठ तेच. भाकर मात्र परत बाईची झाली. म्हणजे गरज होती तोवर शिकलो, मनानं शिकलो नाही. माझा तवा चालू राहिला ह्यात माझी फुशारकी नाही. बायको नर्स. तिला नाईट ड्युटी. ती सकाळी यायची तेव्हा मी कामावर निघायचो. ज्याची पाळी त्यानं करायचं, हे घरात आपोआप ठरलं.

गावाकडून आय आली. मी तव्यापुढं बसलेला बघून दारातच थबकली. 'आरं, बायकू मेली का तुजी?' म्हणाली. मी म्हटलं, 'ड्युटीवर गेलीय. तू हात धू, जेवायला बस.' दोन दिवस ती धड जेवली नाही. शेजारणी काय म्हणतील ह्याचा घोर. तिसऱ्या दिवशी भाकर मोडून बघितली आणि म्हणाली, 'कड कच्ची ऱ्हायली. उद्या म्या दावते.' तेव्हा मी ओळखलं, आईला मान्य झालं. जे मान्य नसतं त्याच्या कडा कुणी बघत नाही.

बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, 'करणं काय, हाताला वळण लागलं की होतं. पण उद्या काय करायचं, पीठ कधी संपतंय, सासूबाईंना दात नाहीत, पोराला तिखट चालत नाही, हे चोवीस तास डोक्यात वागवणं म्हणजे स्वयंपाक. पुरुष तव्यापर्यंत आले. डब्यापर्यंत कधी येणार?' ह्या प्रश्नाला माझ्या ओळखीत कुणाकडं उत्तर नाही.

गिरणगावात हेच दुसऱ्या वाटेनं घडलं. माझा चुलता वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा, गिरणीत सूतकताईच्या खात्यात होता. विणकामाच्या खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. त्यांच्या तोंडाला आपलं तोंड लागेल ही भीती! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. नानाची गिरणी पुन्हा लागलीच नाही. काकू चार घरची धुणीभांडी करायला लागली. घरात पोरं भुकेली. नाना स्वयंपाकाला लागला, पण दार लावून. चाळीत दिवसा दार कुणी लावत नाही. घासलेटचा धूर खोलीत कोंडायचा, नाना खोकत खोकत आमटीला फोडणी द्यायचा. कुणी दार वाजवलं की परात खाटेखाली सारायचा. संपात पोलिसांची लाठी खाल्लेला माणूस, पण पोळपाटासह दिसायची त्याला भीती.

मग एका उन्हाळ्यात धूर सोसवेना म्हणून त्यानं दार उघडलं. लोक हसतील म्हणून वाट बघत बसला. समोरच्या खोलीतलंही दार उघडलं. तिथला संपवाला तांदूळ निवडत बसलेला. पुढं ते दोघं एकमेकांकडं मीठमिरची मागायला लागले.

आता चळवळीचं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, बायकोनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीनं उभं राहावं, गुलाम होऊ नये. १९५१ ला हिंदू कोड बिलापायी मंत्रिपद सोडलं. त्यांना स्वतः रांधायची आवड होती, हे त्यांच्याजवळ वावरलेल्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या पदव्या आपल्याला पाठ आहेत. हे मात्र कुठल्या भाषणात येत नाही. आमच्या बैठकीत स्त्रीमुक्तीवर दोन तास चर्चा चालते आणि चहा आतून येतो. आतली बाई चर्चेला नसते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, ते कागद त्यांना वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवावे लागले. हे आपल्याच घरातलं आहे. परक्याच्या नावानं बोटं मोडून उपयोग नाही.

आणि एक लक्षात घ्या. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सांगितलं की शाळेतल्या जेवणासाठी स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्या. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईनं शिजवलेलं अन्न सवर्ण पोरांनी नाकारलं. त्यांच्या मते आपल्या हातानं अन्न बाटतं. आणि आपल्या पुरुषाला वाटतं की अन्नाला हात लावून आपण बाटतो. दोन्ही विटाळ एकाच पुस्तकातून आलेले आहेत. पहिल्याविरुद्ध आपण मोर्चा काढतो. दुसऱ्याविरुद्ध नुसतं पीठ मळायला घ्यायचं आहे.

थोडं बदलतंय. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. आपल्या चुलीवर काय शिजत होतं ते एका पुरुषानं न लाजता मांडलं. शहरात शिकायला गेलेली आपली पोरं मोबाइलवर बघून करतात, एकमेकांना वाढतात. चांगलं आहे. पण त्यांचाही स्टोव्ह लग्नानंतर माळ्यावर जाणार असेल, तर आपण १९२७ ची अर्धीच गोष्ट जगलो म्हणायची.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पोरगं सायकल शिकतं त्या वयात त्याच्यापुढं परात ठेवा. पहिल्या भाकरीचा नकाशा होतो. होऊ द्या. बहिणीलाही वाढायला सांगा, आणि नंतर परात त्यालाच घासू द्या.