सीमेवर विचारलं फक्त लिंबू

ॲडलेड ते एस्परन्स हा सुमारे २,२०० किलोमीटरचा प्रवास आम्ही जुलैमधल्या शाळेच्या सुट्टीत कॅरॅव्हॅन घेऊन केला. आम्ही दोघं, आमची लेक आणि बेळगावच्या शहापूरहून आलेले आई-बाबा. बाबा पंचाहत्तरीचे, आईला मधुमेह. रोज नवं हॉटेल शोधण्यापेक्षा बिछाना, गॅस आणि इन्सुलिनसाठी फ्रिज सोबत असलेला बरा, असा साधा हिशोब होता. आईने पहिल्याच दिवशी ओट्याचा ताबा घेतला आणि पोहे, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी डब्यांत लावून टाकली.

पोर्ट ऑगस्टा सोडलं की आयर हायवे पश्चिमेकडे निघतो. वाटेत किंबा हे गव्हाच्या शेतांतलं छोटं गाव लागतं, मग समुद्रकाठचं, कालवांसाठी नावाजलेलं सेडूना. तिथे आम्ही पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या, कारण पुढे नॉर्समनपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर रोडहाउसांचाच आधार. नलारबोर या लॅटिनवरून आलेल्या नावाचा अर्थच मुळी 'झाड नाही'. सपाट चुनखडीचं पठार आणि खुरटी झुडपं. समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरूनच एक बोट उचलून रामराम करतो; बाबाही मागच्या सीटवरून हात करू लागले. काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीच्या खुणा रंगवल्या आहेत. अडीअडचणीला फ्लाइंग डॉक्टरांचं विमान तिथे उतरतं, हे कळल्यावर आईच्या जिवात जीव आला.

हेड ऑफ बाइटला पठार एकदम समुद्रात तुटतं. कड्याखाली देवमासे पिल्लांना घेऊन संथ पोहत होते. हिवाळ्यात ते दक्षिणेकडच्या थंड पाण्यातून इथे विणीला येतात. आई तासभर कठड्याशी उभी होती.

पुढे दक्षिण ऑस्ट्रेलिया संपून पश्चिम ऑस्ट्रेलिया सुरू होतो, त्या ठिकाणाचं नावच बॉर्डर व्हिलेज. पाटी दिसताच बाबा सावरून बसले. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते. नंतर महाजन आयोग, मोर्चे, दरवर्षीचा काळा दिन, पाट्यांवरच्या भाषेची भांडणं, सगळं त्यांनी पाहिलं. त्याही आधी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि खेटून असलेलं बेळगाव इंग्रजांकडे. घर जागचं न हलता सीमा कशी हलते, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तपासणी नाक्यावरच्या बाईंनी फ्रिज उघडला, कपाटं पाहिली. फळं, भाज्या, मध आहे का, एवढंच विचारलं. पिकांवरची कीड पलीकडे जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. आईने आदल्या रात्रीच टोमॅटोचं सार करून टाकलं होतं आणि उरलेली लिंबं पोह्यांवर पिळली होती. गाडी सुटल्यावर बाबा म्हणाले, "एवढंच? घरात कुठली भाषा बोलता, ते नाही विचारलं?"

आम्ही हसलो. मग लेकीने नकाशा उघडला. ही सीमा म्हणजे १२९ अंश रेखांशावर ओढलेली सरळ रेघ. दक्षिण ऑस्ट्रेलियाची हद्द आधी १३२ अंशांवर होती; १८६१ साली ती पश्चिमेला सरकवली. या किनाऱ्यावरच्या मूळच्या मिर्निंग लोकांचा मुलूख मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना आहे. बाबा बराच वेळ नकाशा पाहत राहिले. "म्हणजे यांनाही कुणी विचारलं नव्हतं," एवढंच बोलले.

सीमेपलीकडे घड्याळ पाऊण तास मागे जातं आणि कायगुनानंतर आणखी पाऊण तास. शहापूरला काकांना फोन लावायची वेळ बाबा रोज नव्याने मोजत होते. कायगुनानंतर १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. नॉर्समनला दक्षिणेकडे वळलो आणि एस्परन्सजवळच्या लकी बेवर पांढऱ्या वाळूत चक्क कांगारू बसलेले दिसले. "वेंगुर्ल्यापेक्षा पाणी गार आहे," पाय बुडवून आईने निकाल दिला.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. वयस्कर माणसं सोबत असतील तर दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटरवर थांबा आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. कांगारू रस्त्यावर येतात. परतीची तपासणी सेडूनाला होते, त्यामुळे भाजी बेतानेच घ्या.