आधी आंघोळ, मग तेल

रविवारी दुपारी आमच्या न्हाणीघराचा टब मोकळा नसतो. त्यात ड्राइव्हराव पसरलेले असतात.

अंगकाठी विचित्र. वर दोन पाय, म्हणजे पेडल; खाली हातभर लांबीचे दोन मऊ पंख; मधे साखळ्या, तारा आणि दातेरी चाकं कोंबलेलं आखूड धड. डोकं नाही. कयाकच्या पोटाला एक आरपार झरोका असतो, त्यात हे वरून उतरतात. कड्या खटकन बसल्या की आपण पाय मारायचे आणि होडी वल्ह्याशिवाय चालते. गावाकडच्या मित्रांना फोनवर ‘पॅडल नाही रे, पेडल’ हे तीनदा सांगावं लागतं. शेवटी मी सायकलचं पायडल म्हणून मोकळा होतो. ते अर्धंच खरं. सायकलचं पायडल गोल फिरतं, यांचं नुसतं पुढेमागे. एक पाय रेटला की साखळी ओढली जाते आणि पाण्याखाली दोन्ही पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना ओलांडून आडवे झेपावतात. पाण्याच्या दाबाने प्रत्येक पंख पिळतो, तिरपा होतो आणि पाणी मागे लोटतो. पंख डावीकडे जावो की उजवीकडे, होडी पुढेच. मागे जाणं या पिढीला ठाऊक नाही. जायचंच असेल तर यांना उपटायचं, तोंड फिरवायचं आणि पुन्हा खाली सोडायचं. यांची धाकटी भावंडं उलटंही चालतात म्हणे. आमच्यासमोर तो विषय निघत नाही.

घराणं इथलंच. आमच्या सॅन डिएगोच्या उत्तरेला ओशनसाइड आहे. तिथल्या होबी कंपनीने १९९७ साली हे मिराज ड्राइव्ह बाजारात आणलं. कल्पना ग्रेग केटरमन यांची. वेगवान शिडाच्या होड्या बनवणारा माणूस. चाल पेंग्विनच्या पंखांची.

पहिल्या वर्षी मी यांना वाचवता वाचवता मारलं असतं. मी कोकणातला, खाऱ्या हवेने खिडकीचे गज आणि विहिरीवरचा रहाट कसा खाल्ला ते पाहत वाढलो. आमच्याकडे सगळ्यावर एकच इलाज, भरपूर ग्रीस. तेच केलं. साखळी, चाकं, सांधे, सगळं लोण्यासारखं माखलं आणि ला होया शोर्सच्या किनाऱ्यावरून लाटांतून होडी घातली. तिथल्या लाटेत पाणी कमी आणि वाळू जास्त, असं निदान त्या दिवशी वाटलं. ग्रीसने ती सगळी वाळू छातीशी धरली. पुढे कित्येक रविवार मी मोठ्या समाधानाने, पाय मारत, यांच्या दातांवर कानस चालवत होतो. दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याने बोटावर थोडं ग्रीस घेतलं आणि माझ्या कानापाशी चोळलं. करकर ऐकू आली. तो काही बोलला नाही. बिलही फारसं लावलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून पथ्य बदललं. आपल्याकडे अभ्यंगाला आधी तेल, मग पाणी. यांचं उलटं. आधी गोड्या पाण्यात तासभर डुंबणं, कारण मीठ वरून धुतलं तरी फटींत बसून राहतं. ते विरघळायला वेळ द्यावा लागतो. मग पाण्यातच पेडल दहा-वीसदा पुढेमागे करायचं, की आतली वाळू टबाच्या तळाशी उतरते. मग सावलीत वाळवण. आणि तेल अगदी शेवटी, नखभर. लावायला एक मिनिट, पुसायला पाच.

औषधांचं कपाट मात्र भारदस्त आहे. डब्ल्यूडी-४० सॅन डिएगोचंच, १९५३ सालचं. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून केलेलं. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं आणि ४० म्हणजे चाळिसाव्या खेपेला जमलेलं. पाणी ते हटवतं, पण साखळीवर फार काळ टिकत नाही. म्हणून साखळीला बोशील्ड टी-९, बोइंगने विमानांच्या भागांसाठी बनवलेलं. वाळलं की मेणाची पातळ साय उरते आणि वाळूला चिकटायला ओल मिळत नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलेले स्टीलचे स्क्रू वर्षातून एकदा काढून आट्यांना अँटी-सीझ चोळतो. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना इतके धरून बसतात, की नंतर स्क्रूचं डोकं तुटतं पण स्क्रू निघत नाही.

दुखणं हे बोलून दाखवतात. सुकी साखळी कुरकुरते. तार सैल झाली की पाय बदलताना तळव्याला बारीक ‘टक’ लागतो. मग नट पाव आटा आवळायचा, जास्त नाही; जास्त आवळला की पाय जड होतो आणि सगळंच लवकर झिजतं. यांनी राग धरण्याचा प्रसंग एकदाच आला. उथळ पाण्यात शिरताना एक पेडल पुढे दाबून धरावं लागतं, म्हणजे पंख होडीच्या पोटाला चिकटून झोपतात. मिशन बेमध्ये मी पाणगवतातून पळणाऱ्या माशाच्या नादात ते विसरलो. पुढच्या पंखाची दांडी वाकली आणि उरलेली दुपार होडी देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी डावीकडेच वळत राहिली. वल्हं होतं म्हणून घरी आलो.

दिवाळी एकदा सोमवारी पहाटे आली. मी उशिरा जागा झालो, उटण्याची वाटी हातात घेऊन न्हाणीघराच्या दाराशी गेलो, तर बायको आतून म्हणाली, “थांबा, कालपासून पाण्यातच आहेत ते. आधी त्यांना उठवते.”